दम, दमा आणि दमेकरी

“पायात आहे रे तुझ्या, पण तुझ्यात दमच नाही.”

डिसेंबरातल्या एका पहाटे शहाद्याच्या मैदानावर हे वाक्य माझ्या कानावर पडलं. ते माझ्या भाच्याला उद्देशून होतं. थंडीच्या दिवसांत इथं उजाडायच्या आत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी पळायला येतात. काही गावातलीच, काही सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येऊन इथं खोली करून राहिलेली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि सेकंदासेकंदावर गुण. भाचा चांगला पळाला होता. चौथी फेरी त्यानं बाकीच्यांच्या बरोबरीनं संपवली. मग सगळे घाम पुसत, गप्पा मारत उभे राहिले आणि हा मात्र भिंतीला टेकून खाली बसला. खांदे वर चढलेले, गळ्याच्या खाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता, आणि श्वास सोडताना छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाकीच्यांचा श्वास उतरला, याचा चढतच गेला. पोरांना पळवणारे सर मनाचे चांगले. हातातल्या घड्याळाकडे बघत, अगदी तळमळून ते वरचं वाक्य बोलले.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत एकच शब्द डोक्यात फिरत होता. सरांना म्हणायचं होतं की या पोरात जिद्द नाही, चिकाटी नाही. भाच्यात त्या घटकेला नव्हता तो नुसता श्वास. आपल्या भाषेत दोन्हींना ‘दम’ म्हणतात, म्हणून छातीतल्या नळ्यांचा दोष पोराच्या स्वभावाला जाऊन चिकटला.

‘दम’ हा फारसी शब्द. तिकडे त्याचा अर्थ श्वास, फुंकर, आणि एका श्वासाएवढा वेळ, म्हणजे क्षण. मराठीनं हे सगळे अर्थ घरात घेतले. ‘एकदम’ म्हणजे मुळात एका श्वासात. ‘हरदम’ म्हणजे श्वासागणिक. श्वासानं वेळ मोजायची रीत आपल्याला नवी नव्हतीच. जुन्या ज्योतिषात काळाचं एक मापच ‘प्राण’ नावाचं आहे. सहा प्राणांचं एक पळ, साठ पळांची एक घटका, साठ घटकांची एक अहोरात्र. हिशेब केला तर दिवसाचे २१,६०० प्राण होतात, म्हणजे मिनिटाला १५. निवांत बसलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवून मोजून पाहावं, आकडा याच्याच आसपास येतो. ज्यांनी हे माप ठरवलं त्यांनी आधी कुणाचा तरी श्वास शांतपणे मोजला असणार.

फारसीतून आलेल्या या दोन अक्षरांच्या पाहुण्याला मराठीनं मग इतकी कामं दिली की तो पाहुणा राहिलाच नाही. घाईवर आलेल्याला आपण ‘दम धर’ म्हणतो. चालून आलेल्याला ‘जरा दम खा’ म्हणतो. संकटात तग धरणारा ‘दम काढतो’. चांगला कोसळणारा पाऊस ‘दमदार’. ज्या मारानं श्वासच उरत नाही तो ‘बेदम’. धमकावणं म्हणजे ‘दम देणं’, आणि त्याची सवय लागली की ‘दमदाटी’. मला यातला ‘दमसास’ हा शब्द सगळ्यात प्रिय आहे. फारसी ‘दम’ आणि आपला ‘श्वास’ यांनी एकमेकांचा हात धरला आणि एक जोडशब्द झाला. अर्थ दोन्हींचा एकच. पण जोडून म्हटलं की कीर्तनकाराची लांबलचक तान डोळ्यांपुढे उभी राहते.

आणखी खोल गेलं तर हा शब्द परका नव्हताच असं दिसतं. फारसी ‘दम’ ज्या इराणी धातूपासून आला, त्याचा सख्खा भाऊ संस्कृतात ‘धम्’ म्हणून आहे. धम् म्हणजे फुंकणं. त्याच्यापासून ‘धमनी’ आली, म्हणजे मूळ अर्थानं फुंकायची नळी. पोट फुगलं की वैद्य ‘आध्मान’ म्हणतात, तेही त्याच घरातलं. एक भाऊ इथंच राहिला, दुसरा इराणात वाढला आणि हजारो वर्षांनी दरबारी कागदांतून, लष्कराच्या छावणीतून परत आला. मी हे वर्गात सांगायचो तेव्हा मुलं आपापल्या मनगटावर बोटं ठेवून पाहायची.

‘शमदम’ मधला दम मात्र निराळा. तो संस्कृत ‘दम्’ धातूचा, ताब्यात ठेवणं या अर्थाचा. लॅटिनमध्ये तो ‘दोमारे’ आहे, इंग्रजीत ‘टेम’. अमरकोशात ‘दम्य’ म्हणजे जुंपायला शिकवायचा गोऱ्हा. आमच्या भागात अजूनही नव्या गोऱ्ह्याला पहिल्यांदा जूं दाखवतात तेव्हा तो थोडं चालला की उभा राहतो, नाकपुड्या फुलवतो, आणि शेतकरी म्हणतो, “दमला.” हे ‘दमणं’ कुठल्या दमाचं? माझ्या मते दोन्ही ओढे इथं एकत्र येतात. जुवाखाली गेलेला जीव ताब्यातही येतो आणि त्याला धापही लागते. शेतात उभं राहून पाहिलं तर दोन्ही अर्थ एकाच बैलात दिसतात.

शहादा तीन भाषांच्या सांध्यावर आहे. वर खेतियाला गेलं की मध्य प्रदेश, पश्चिमेला गुजरात, आणि गावात अहिराणी, गुजरी, भिली, पावरी. त्यामुळे एकाच त्रासाची कितीतरी रूपं कानावर येतात. हिंदी बोलणारा म्हणतो, साँस फूलती है. त्याचा श्वास फुगतो. गुजराती म्हणतो, श्वास चडे छे. त्याचा श्वास चढतो. आपण म्हणतो, दम लागतो, आणि अहिराणीत, ‘दम लागी ऱ्हायना’. आपल्याला दम ‘लागतो’, जशी भूक लागते, तहान लागते, ठेच लागते. बाहेरून येऊन चिकटलेली गोष्ट. माणूस तो करत नाही, त्याला तो होतो. किती न्यायाची रचना आहे ही. तिच्यात दोष कुणाला नाही. ‘दम लागला’ म्हणणारी भाषा पोराला समजून घेते आणि ‘दम नाही’ म्हणणारी तीच भाषा त्याला टाकून बोलते.

आणखी एक प्रयोग आमच्याकडे ऐकू येतो, ‘दम भरला’. हा मला शरीरशास्त्राच्या दृष्टीनं सगळ्यात नेमका वाटतो. आपल्याला वाटतं की दम्याच्या माणसाला हवा आत घेता येत नाही. खरी अडचण बाहेर सोडताना जास्त असते. श्वासनळ्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, आत गेलेली हवा कोंडून राहते आणि पुढच्या श्वासाला जागाच उरत नाही. छाती खरोखर भरलेली असते. ती शिट्टीही श्वास सोडतानाच जास्त वाजते. हे ज्या कुणी पहिल्यांदा ‘भरला’ असं म्हटलं, त्यानं कुणाच्या तरी उशाशी बसून रात्र काढली असणार.

आता ‘दमा’. हाही फारसीतूनच, ‘दम’ला जोडून झालेला. रोगाचं नाव म्हणून साधं आहे. पण मराठीनं त्याच्यापुढे जाऊन एक शब्द घडवला, ‘दमेकरी’. हा शब्द जरा थांबून पाहावा. शेतकरी, वारकरी, माळकरी, गावकरी. ‘करी’ लागतो तो माणसाच्या कामाला, व्रताला, ठिकाणाला, म्हणजे जे त्याचं सगळं आयुष्य आहे त्याला. ताप आलेल्याला आपण तापकरी म्हणत नाही, पाय मोडलेल्याला मोडकरी म्हणत नाही. खोकला लागला की खोकतो एवढंच. दम्याच्या माणसाला मात्र आपण ती पदवी देऊन टाकली आणि त्याचा आजार त्याचा पेशा करून ठेवला. वर खेतियाच्या बाजारातून आलेली हिंदी म्हण आहेच, दमा दम के साथ जाता है.

म्हणून ताई, भाच्याची आई, डॉक्टरकडे निघताना पहिलं वाक्य बोलली ते हे, “त्याला दमा म्हणू नका. ॲलर्जी म्हणा.” शहाद्यातच नव्हे, सगळीकडे हे चालतं. लहान मुलाला असेल तर ‘बालदमा’ म्हणतात, म्हणजे वय वाढलं की जाईल अशी आशा शब्दातच ठेवलेली असते. मोठ्याला ‘ॲलर्जीचा खोकला’, ‘छाती नाजूक आहे’, ‘कफाची प्रकृती’. ताईला मी दोष देत नाही. पोराची भरती व्हायची होती, पुढे लग्न व्हायचं होतं. ती रोगाला घाबरलेली नव्हती, त्या ‘करी’ला घाबरलेली होती.

डॉक्टरांनी नाव विचारलंच नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नानं मला थेट चरकापाशी नेलं. ते म्हणाले, “पळताना जास्त लागतो, की थांबल्यावर जास्त चढतो?”

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, सतराव्या अध्यायात, हिक्का आणि श्वास यांचं विवेचन आहे. श्वासरोगाचे पाच प्रकार तिथं सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. शेवटचा क्षुद्रश्वास म्हणजे कोरडं खाणं आणि आयास यांनी होणारा. आयास म्हणजे श्रम, धावपळ. तो माणसाला फार पीडत नाही, आणि विसावा घेतला की उतरतो. ‘क्षुद्र’ म्हणजे इथं तुच्छ नव्हे, लहानसा. माझ्यासारखा म्हातारा जिना चढून आला की जे होतं ते. तमकश्वास मात्र वेगळा. ‘तम्’ म्हणजे गुदमरणं, आणि त्याच धातूत अंधारही आहे. डोळ्यांपुढे काळोख आणणारा श्वास. आभाळ भरून आलं, थंडी पडली, पूर्वेचा वारा सुटला की वाढणारा, आडवं पडलं की छळणारा, उठून बसलं की थोडा सैल होणारा, घरघर करणारा. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी दम्याचा माणूस फार जवळून पाहिला होता.

भाच्याचं दुखणं या दोन खणांच्या मधल्या चौकटीवर उभं होतं. सुरू व्हायला क्षुद्रश्वासासारखं आयासानं होणारं, पण थांबल्यावर उतरायच्या ऐवजी चढणारं आणि शिट्टी वाजवणारं, तमकासारखं. डॉक्टरांचा प्रश्न नेमका ह्याच चौकटीवर बोट ठेवणारा होता. व्यायामानं श्वासनळ्या आवळतात तेव्हा त्रास बहुतेक वेळा पळताना शिगेला जात नाही. पळून थांबल्यावर पाच ते वीस मिनिटांत तो वाढतो आणि अर्ध्या-एक तासात आपोआप ओसरतो. ओसरतो म्हणून घरचे विसरून जातात आणि सर म्हणतात दम नाही.

ग्रीकांचंही असंच आहे. ‘अस्थमा’ हा शब्द होमरच्या इलियडमध्ये येतो तो रोग म्हणून नव्हे. दगडाचा मार बसून पडलेला हेक्टर धापा टाकतो, त्या धापेला तो शब्द आहे. तोंड उघडून श्वास टाकणं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पुढे कॅपाडोशियाच्या आरिटीअस नावाच्या वैद्यानं त्याची व्याख्या करताना पहिल्यांदा धावणं आणि व्यायाम यांचीच नावं घेतली. म्हणजे या रोगाची जुनी ओळख अंथरुणावरची नव्हे, मैदानावरची आहे. आपण त्याला खाटेला बांधून टाकलं.

डॉक्टरांनी भाच्याला श्वासाचा जोर मोजणाऱ्या एका नळीत जोरात फुंकायला लावलं. काटा ४८० वर गेला. मग दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत सहा-सात मिनिटं चांगलं पळवलं, आणि थोड्या थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावलं. दहा मिनिटांनी काटा ३७० वर होता. ताई काट्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ज्याला पोराचा आळस म्हणत होते, तो तिथं आकड्यात उभा होता.

असं का होतं हे समजायला मराठीतलाच एक वाक्प्रचार कामी येतो. ‘नाकी नऊ येणं’. शरीराला नऊ दारं, दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड आणि खालची दोन. त्या नवांतला सगळा जीव एका नाकाशी गोळा होणं, असा त्याचा अर्थ सांगतात. खरं तर जोरात पळताना उलटंच होतं, जीव नाक सोडून तोंडाशी येतो. बसल्या जागी माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आतबाहेर करतो. जीव तोडून पळताना ती १०० लिटरांच्या वर जाऊ शकते. एवढी हवा नाकातून मावत नाही, तोंड उघडावं लागतं. नाकाचं काम हवा गरम करायचं, ओली करायचं, गाळायचं. तोंडाला ते जमत नाही. सातपुड्यावरून उतरलेली डिसेंबरातली कोरडी गार हवा तशीच आत जाते, नळ्यांचं अस्तर सुकतं, त्या सुकण्यानं पेशी बिथरतात, आणि त्यांच्यातून निघणारी द्रव्यं नळ्यांभोवतीच्या स्नायूंना आवळायला लावतात. म्हणून तोच पोरगा वैशाखात कमी दमतो आणि मार्गशीर्षात जास्त. त्यात रस्त्याची धूळ, पाचट जाळल्याचा धूर किंवा मिरचीचा खकाणा असेल तर विचारायलाच नको.

याच मार्गशीर्षात, दत्तजयंतीला, आमच्या तालुक्यातल्या सारंगखेड्याला घोड्यांची मोठी यात्रा भरते. तिथं घोडा घेणारे जाणते लोक दात पाहतात, खूर पाहतात, आणि मग घोडा पळवून आणून त्याच्या नाकपुडीपाशी उभे राहतात. “दम बघतो,” म्हणतात. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही. त्याचा सगळा दम नाकातच. आणि तो चौखूर उधळला की एका ढांगेला एक श्वास असं त्याचं गणित बांधलेलं असतं. त्यामुळे तिथं दम बघणं म्हणजे खरोखर श्वास बघणं. घोड्याच्या बाजारात हा शब्द अजून आपल्या मूळ जागेवर आहे. श्वास लवकर उतरला नाही तर ते म्हणतात, छातीत काही तरी आहे, याला आधी दाखवा. घोड्याला भित्रा म्हणत नाहीत.

आता औषधाचं. लोक त्याला ‘पंप’ म्हणतात. कापसावर फवारायचा पंप ज्या भागात घरोघर आहे तिथं हा शब्द सहज बसला, पण त्यानं भीतीही आणली. पंप म्हणजे जोर, पंप म्हणजे विष, पंप एकदा लागला की सुटत नाही. खरं तर या पंपाचा जन्म एका मुलीच्या प्रश्नातून झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेत औषधाच्या एका कंपनीचे प्रमुख होते जॉर्ज मेसन. त्यांच्या दम्यानं त्रासलेल्या मुलीनं विचारलं, केसांवर मारायचा फवारा डबीत मिळतो, तसं माझं औषध का मिळत नाही? १९५६ मध्ये ठरावीक मात्रा सोडणारा पहिला पंप बाजारात आला. त्याच्या आधी रबरी फुगा दाबून काचेच्या नाजूक उपकरणातून औषध ओढावं लागे.

भाच्याला डॉक्टरांनी दिलं ते सालब्युटामॉल, निळ्या पंपातलं. हे १९६९ पासून वापरात आहे. नावातलं ‘सॅल’ सॅलिजेनिन या रसायनाकडून आलं, आणि ते लॅटिन ‘सॅलिक्स’ कडून. सॅलिक्स म्हणजे विलोचं झाड. ओढ्यानदीकाठी वाढणारी आपली वाळुंज त्याच कुळातली. हे औषध आवळलेले स्नायू सैल करतं. पळण्याआधी दहा-पंधरा मिनिटं घेतलं तर त्या नळ्या सहसा आवळत नाहीत, आणि परिणाम दोन ते चार तास राहतो. डॉक्टरांनी त्याला पूर्ण श्वास बाहेर सोडायला लावलं, ओठांत तोटी धरून सावकाश ओढायला लावलं, आणि मग म्हणाले, “आता दहा आकडे दम धर.” इतक्या वर्षांत मी हा वाक्प्रचार त्याच्या अक्षरशः अर्थानं पहिल्यांदाच ऐकला. धरलेल्या दमात औषध खालपर्यंत बसतं. न धरता लगेच सोडला तर बरंचसं औषध श्वासाबरोबर बाहेर निघून जातं.

पण त्यांनी ताईला बजावून सांगितलं की हा पंप रोज रोज, दिवसातून अनेकदा ओढायची वेळ आली तर ते थांबून विचार करायचं लक्षण आहे. नुसता हाच रोज घेतला की त्याचा गुण उणावत जातो, आणि आतली सूज तशीच राहते. तेव्हा श्वासातून घ्यायचं रोजचं स्टेरॉइड लागतं, थोड्या मात्रेचं, सूज उतरवणारं. ‘स्टेरॉइड’ म्हटल्यावर ताईचा चेहरा पडला. फवाऱ्यातून जाणारी मात्रा गोळीच्या मानानं फारच थोडी असते आणि घेतल्यावर चूळ भरली की तोंडाला सहसा त्रास होत नाही, हे तिला दोनदा समजवावं लागलं. २०१९ पासून जगभरचे दम्याचे मार्गदर्शक नियमही हेच सांगतात, की मोठ्या माणसाच्या दम्यावर नुसता आराम देणारा पंप एकटा ठेवू नये. भाच्याला ते लागणार की नाही, हे महिनाभर पाहून ठरवू म्हणाले.

गोळीही आहे, माँटेलुकास्ट. या नावाचं पहिलं टोक एका शहराचं आहे, कॅनडातलं माँट्रिऑल, जिथं ते शोधलं गेलं. औषधाच्या नावात गावाचं नाव वाहून न्यावं हे मला फार आवडलं. आपल्याकडे आडनावात गाव असतं तसंच. व्यायामाआधी घ्यायची झाल्यास ती किमान दोन तास आधी घेतात. मात्र काही जणांत तिनं झोप, मन, वागणं बिघडतं, म्हणून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिच्यावर ठळक इशारा छापायला लावला. डॉक्टरांना हे विचारल्याशिवाय ती पोराला कुणी देऊ नये.

जुन्या औषधांत एकाची गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. इजिप्तमध्ये खेल्ला नावाचं रोप आहे, आपल्या ओव्याच्या कुळातलं. ओव्याच्या शास्त्रीय नावात ‘अम्मी’ आहे आणि खेल्लाच्याही. त्याच्यातल्या द्रव्यावरून रसायनं बनवून इंग्लंडमध्ये रॉजर अल्टून्यान या डॉक्टरनं ती स्वतःवर पारखली. त्याला स्वतःलाच दमा होता. गिनिपिगच्या केसांचा अर्क हुंगून तो मुद्दाम दम लावून घेई आणि मग कुठलं रसायन तो अडवतं ते पाही. अशी वर्षं गेली, आणि १९६५ मध्ये क्रोमोग्लायकेट हाती लागलं. ते व्यायामाआधी घेतलं की नळ्यांना आधीच आवर घालतं. माझी आजी कफ झालेल्या पोराच्या छातीवर ओव्याची गरम पुरचुंडी फिरवायची. तिचा ओवा आणि त्या डॉक्टरचं खेल्ला एकाच कुळातलं आहे हे तिला कळलं असतं तर ती काय म्हणाली असती, मला ठाऊक आहे. तिनं त्याला घरी जेवायला बोलावलं असतं.

धोत्र्याचंही असंच. आमच्या बांधाबांधावर उगवणारा धोत्रा, त्याचं संस्कृत ‘धत्तूर’ हे नाव थेट लॅटिनात ‘दातुरा’ होऊन बसलं. दम्यावर त्याचा धूर ओढायची आपल्याकडची रीत १८०२ च्या सुमारास मद्रासेहून इंग्लंडात गेली आणि तिकडे धोत्र्याच्या विड्या मिळू लागल्या. त्याच जातीच्या द्रव्यांवरून पुढे आजची श्वासनळ्या सैल करणारी इप्राट्रोपियमसारखी औषधं निघाली. पण बांधावरचा धोत्रा जीव घेतो, हे आमच्याकडच्या लेकरालाही माहीत आहे, आणि ते तसंच माहीत राहावं. अडुळशाचं तर घराघरात नाव. संस्कृत ‘आटरूष’चा तो अडुळसा, आणि त्याच्यातल्या व्हॅसिसिनवरून खोकल्याचं ब्रोम्हेक्सिन निघालं. तो कफ सैल करतो, पण पळताना आवळलेली नळी सोडवायला तो पुरा पडत नाही. अडुळशाच्या भरवशावर पंप घरी ठेवून पोराला पळायला पाठवू नये, एवढं माझं मत मी स्पष्ट लिहितो.

काही गोष्टी औषधावाचूनही होतात. पळण्याआधी दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अंग मोकळं केलं, मध्ये मध्ये छोटी धाव घेतली, तर पुढचे एक-दोन तास बऱ्याच जणांच्या नळ्या कमी आवळतात. गारठ्यात नाकातोंडावर रुमाल बांधला की श्वासाची ऊब आणि ओल थोडी परत मिळते. आणि पंपाला उत्तेजक समजून घाबरायचं कारण नाही. खेळाडूंच्या उत्तेजकविरोधी जागतिक नियमांतसुद्धा श्वासातून घेतलेल्या सालब्युटामॉलला २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत मुभा आहे, आणि पंपाच्या एका फवाऱ्यात बहुधा १०० मायक्रोग्रॅम असतं.

निघताना डॉक्टर ताईला म्हणाले, “पळू दे त्याला. पळणं बंद करू नका.” ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि तिनं एक लांब सुस्कारा टाकला. मला त्या क्षणी ‘आश्वासन’ या शब्दाचा अर्थ कळला. हा शब्द आपण निवडणुकीत इतका झिजवला की तो पोकळ वाटतो. पण तो ‘श्वस्’ धातूचा आहे. आ-श्वस्, म्हणजे परत नीट श्वास येणं. आश्वासन म्हणजे कुणाला तरी त्याचा श्वास परत देणं. ‘विश्वास’ही त्याच घरातला, मोकळा श्वास घेता येईल असं वाटणं. ‘उसासा’ म्हणजे उच्छ्वास. डॉक्टरांनी पोराला पंप दिला आणि आईला आश्वासन दिलं, दोन्हींत श्वासच होता.

सरांना मी भेटून सगळं सांगितलं, काट्याचे आकडेही सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “माझ्याकडे अजून दोघं तसेच बसतात.” ते दोघंही आता तपासून आले आहेत. एक मुलगी आहे, तिला रोजचा पंप लागला.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा मैदानावर गेलो होतो. गारठा तसाच. पोरं फेऱ्या घालून अंग मोकळं करत होती. सरांनी घड्याळ पाहिलं आणि लांबूनच भाच्याला ओरडून विचारलं, “दम घेतला का?”

“घेतला, सर.”

“किती वेळ झाला?”

“बारा मिनिटं.”

“मग ये लाइनीवर.”

आजूबाजूची पोरं हसली नाहीत. त्यांच्यात ‘दम घेणं’ म्हणजे पळण्याआधीचे दोन फवारे, असा अर्थ आता रुळला आहे.